कानशीचे दोन हात

जिन्याखालच्या त्या दुकानात माणूस एकच मावतो, आणि तोही तिरका. भिंतीवर किल्ल्याच किल्ल्या. कपाटाच्या, मोटारीच्या, पेटीच्या, आणि काही अशा की ज्यांची कुलपं केव्हाच भंगारात गेली असतील. त्यांच्या मधोमध एका खिळ्याला एक काळी, चोचीसारखी वस्तू टांगलेली आहे. गिऱ्हाईक किल्लीची वाट बघत उभं असलं की त्याची नजर हमखास तिच्यावर जाते.

"हे काय हो? हे कुठल्या कुलपाला लागतं?"

"ती माझी अक्कल," किल्लीवाला मान वर न करता म्हणतो. "घासून घासून पातळ झाली, म्हणून टांगून ठेवली."

आणि मग गिऱ्हाइकाला घाई असो नसो, तो सगळी हकिकत सांगायला बसतो. स्वतःची टर इतक्या चवीने उडवणारा माणूस शोधून सापडायचा नाही. किल्ली तयार होते, हकिकत मात्र अर्ध्यावरच असते, आणि गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत उभं राहतं ते राहतंच.

त्याची ती सवय आधी सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. किल्ली कुलपात अडली की तो म्हणायचा, "काही नाही हो, दोन हात मारले की बसेल." म्हणजे कानशीचे दोन हात. किल्लीच्या बाबतीत ते खरंही होतं. पण ह्या गृहस्थाला वाटायला लागलं की जगात जे जे म्हणून बसत नाही, ते दोन हात मारले की बसतं. घरचं टेबल डुगडुगत होतं. ह्याने एका पायाला दोन हात मारले, मग दुसऱ्याला, मग राहिलेल्या दोघांवर अन्याय नको म्हणून त्यांनाही. त्या टेबलापाशी आता जमिनीवर बसूनच जेवता येतं. लग्नात अंगठी बायकोच्या बोटात जाईना, तेव्हा ह्याने खिशातून कानस काढली होती, आणि तिने सगळ्यांदेखत हात मागे घेतला होता. बँडमधल्या मंडळींनी त्याचं नावच 'दोनहात' ठेवलं.

बँड म्हणजे हौशी लोकांचा. दर गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत जमायचा. कुणी नर्स, कुणी बसड्रायव्हर, कुणी बेकरीवाला, आणि शाळेतल्या संगीताच्या बाई पुढे उभ्या राहून सगळ्यांना हाकायच्या. किल्लीवाला सगळ्यात मागे, कोपऱ्यात, बास सॅक्सोफोन घेऊन. सॅक्सोफोन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गळ्यात अडकवायचा तो चकचकीत, बाकदार बाजा येतो. बास सॅक्सोफोन हा त्याचा आजोबा. उभा केला तर माणसाच्या छातीला लागतो, आणि गळ्यात अडकवला तर मान जागेवर राहायची नाही, म्हणून त्याला स्टँड लागतो. त्याचा आवाज सगळ्यांच्या आवाजाखाली असतो. तो आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही, पण तो थांबला की सगळा बँड उगाचच चुळबुळायला लागतो.

हा बाजा आधी त्याचे सासरे वाजवायचे. पोस्टमन होते. आयुष्यभर जिने चढून छाती अशी तयार झालेली की एकेक लांबलचक सूर एका दमात काढायचे. पुढे दात गेले, कवळी आली, आणि कवळी एकीकडे नि माउथपीस एकीकडे अशी तोंडात कुस्ती सुरू झाली. तेव्हा त्यांनी बाजा आपल्या शागिर्दाच्या, म्हणजे ह्याच्या, हवाली केला. मुलगी त्याआधीच दिली होती. बँडमधले अजून म्हणतात की पोस्टमनसाहेबांनी मुलीला नवरा नव्हता शोधला, बाजाला फुप्फुसं शोधली होती.

बाजाबरोबर त्यांनी स्वतःचा माउथपीसही दिला. काळा, जड, आतून ऐसपैस पोकळ, आणि वरच्या बाजूला दातांनी पडलेल्या दोन खाचा. "माझे खरे दात एवढेच उरलेत," मामा म्हणाले होते. सासऱ्यांना तो मामाच म्हणतो. "सांभाळ." त्यानंतर मामा कधी बँडच्या कार्यक्रमाला फिरकले नाहीत. "आपल्या खुर्चीत दुसऱ्याला बघून टाळ्या वाजवण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही," असं सरळ सांगून टाकायचे.

तर एकदा किल्लीवाल्याला स्वच्छतेचा झटका आला. बाजा खाली-वर पुसला, चाव्यांना तेल दिलं, आणि शेवटी तो उलटा करून गदागदा हलवला. आतून धूळ पडली, एक केसांची पिन पडली, आणि एक काळंठिक्कर पडलेलं मोठं बूच टपकन फरशीवर पडलं. बरणीला असतं तसलं. "मामांनी कधी काय उघडलं कोण जाणे!" असं म्हणत त्याने ते बूच केरात टाकलं आणि स्वतःवर भलताच खूश झाला.

पुढच्याच गुरुवारी बाईंनी नवी रचना काढली. तिची सुरुवातच बास सॅक्सोफोनने होती. एकट्याने. सगळ्यात खालचा सूर, लांबवर धरलेला, आणि मग त्याच्यावर बाकीचा बँड हळूहळू चढत जाणार. जन्मभर ज्याचं कुणी ऐकलं नाही, त्याला एकदम पहिली ओळ! किल्लीवाल्याने छाती भरून घेतली, शेजारच्यांकडे एक नजर टाकली, आणि फुंकलं.

जे बाहेर आलं त्याला सूर म्हणणं म्हणजे सुरांचा अपमान. तोंडात पाणी घेऊन कुणीतरी मोठमोठ्याने गुळण्या करत होतं. ट्रम्पेटवाले फिदीफिदी हसले. ट्यूबा, म्हणजे खालच्याच सुरांचा पितळी भोंगा, वाजवणारा बेकरीवाला मात्र हसला नाही, उलट त्याने काळजीने मान हलवली, आणि तेच ह्याच्या जास्त जिव्हारी लागलं.

तालीम संपल्यावर बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "हे बघा, कार्यक्रमापर्यंत हा सूर बसला नाही, तर सुरुवात मला ट्यूबाला द्यावी लागेल. आणि खरं सांगू का, मग तुमच्या बाजाला वेगळं असं कामच उरत नाही. तो शाळेच्या कपाटात ठेवून देऊ. नीट गुंडाळून."

नीट गुंडाळून! मामांचा बाजा, कपाटात, फुटक्या बॅटी आणि पंक्चर चेंडूंच्या शेजारी. पण किल्लीवाल्याच्या तोंडातून निघालं ते भलतंच. "काही नाही हो बाई, माउथपीस जुना झालाय. नवा घेतला की बसेल." हे त्याने इतक्या ठामपणे सांगितलं की घरी पोचेपर्यंत त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

मामांना विचारायला काय झालं होतं? ते थोरल्या मुलाकडे राहायचे आणि दर रविवारी दुपारी ह्यांच्याकडे जेवायला यायचे. रविवारी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलंही, "काय, बाजा कसा आहे?"

"ठणठणीत," हा म्हणाला. ज्याने बाजा विश्वासाने दिला, त्याच्यापुढे 'मला जमत नाही' म्हणायला जीभ रेटेना.

वाद्यांच्या दुकानात तो गेला तेव्हा दुकानदार आधी हसला. "बास सॅक्सोफोनचा माउथपीस? अहो, विचारणारा माणूस वर्षातून एखादा येतो, तोसुद्धा पत्ता चुकून." तरी आत जाऊन त्याने दोन शोधून आणले. एक धातूचा, आरशासारखा चकाकणारा. दुसरा साधा काळा प्लास्टिकचा, त्याच्यावर इतकी धूळ की बोटाने नाव लिहावं.

"हा प्लास्टिकचा शिकाऊ लोकांसाठी," दुकानदार म्हणाला. "आतून ऐसपैस आहे, पण टोकाची फट लहान. धातूच्याची फट चांगली मोठी आहे. दम लागतो त्याला."

फट म्हणजे माउथपीसची चोच आणि तिच्यावर बांधलेली रीड ह्यांच्यातली जागा. रीड ही बोरूची पातळ पट्टी. ती थरथरली की आवाज. रीडला नंबर असतात, चष्म्यासारखे. नंबर मोठा तितकी रीड ताठ, आणि ताठ रीड वाजवणारा तितका स्वतःला पैलवान समजतो.

"रीड कितीची देऊ?"

शेजारी एक बाई व्हायोलिनच्या तारा निवडत होत्या. घरी हा आयुष्यभर दोन नंबर वाजवत आलेला, पण परक्या बाईंसमोर 'दोन' म्हणायची त्याला लाज वाटली. "चार," तो म्हणाला.

दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "चार? नक्की?"

"चारच."

दुकानदाराने आयुष्यात बरेच पैलवान बघितले असावेत. त्याने चारबरोबर तीनची आणि दोनचीही डबी पिशवीत टाकली, वर तो धुळकट प्लास्टिकचा माउथपीसही टाकला. "नेऊन बघा. नको ते परत आणा."

घरी ह्याने बाजा बाथरूममध्ये नेला. का, तर तिथे आवाज छान येतो! अहो, बाथरूममध्ये कोण वाईट गातं? धातूचा माउथपीस, चार नंबरची रीड, आणि हा कमोडच्या झाकणावर बसून फुंकतोय. कपाळावरच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, कान लाल झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि बाजातून निघाली नुसती हवा.

बाहेरून बायको ओरडली, "अहो, गॅस लीक होतोय का बघा!"

मग गुपचूप तीन नंबरची रीड बांधली. ह्यावेळी मात्र असा आवाज घुमला की आरसा थरथरला आणि दाढीचा ब्रश खाली पडला. किल्लीवाला धन्य झाला. प्लास्टिकच्या माउथपीसला त्याने तोंडही लावलं नाही. शिकाऊ लोकांचा तो!

गुरुवारी व्यायामशाळेत त्याने ऐटीत फुंकलं, आणि सगळी ऐट जागच्या जागी उतरली. बाथरूमच्या फरश्या होत्या तोवर तो राजा होता. इथे त्या उंच छताखाली आवाज कर्कश झाला, आणि गुळण्या तर होत्याच. फक्त आता त्या लाउडस्पीकरवरून चालल्यासारख्या वाटत होत्या. बाईंनी सुरुवातीची पानं बेकरीवाल्याच्या स्टँडवरही ठेवली, "असू देत, तयारी म्हणून."

एवढ्यावर शहाण्या माणसाने मामांना फोन केला असता. हा दुसऱ्या दिवशी दुकानात गेला, भर दुपारी शटर अर्धं खाली ओढलं, आणि मामांचा माउथपीस फडक्यात गुंडाळून शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळला. त्याचा हिशेब असा, की मामांचा माउथपीस उत्तम आहे, फक्त फट जराशी लहान पडते. दोन हात मारले की बसेल.

दोन हात मारले. फुंकून बघितलं. काही फरक नाही. आणखी दोन मारले. आता डावी कड किंचित खाली गेली, म्हणून उजवीला दोन. ती जास्त गेली, म्हणून पुन्हा डावीला. टेबलाची आठवण त्याला व्हायला हवी होती, पण कानस हातात असली की ह्याची स्मरणशक्ती सुट्टीवर जाते. शेवटी फुंकलं, तर बिजागरी कुरकुरावी तसा एक चिरका आवाज निघाला. पुन्हा फुंकलं, तर तेवढाही नाही. काळा भुगा त्याच्या मांडीवर पडला होता, आणि त्या भुग्याकडे बघताना त्याला पहिल्यांदा कळलं की आपण काय करून बसलो. मामांच्या दातांच्या खाचा वर तशाच होत्या. त्यांच्याकडे बघवेना. तो पोरासारखा रडला, असं तो स्वतःच सांगतो, आणि मध्येच एक गिऱ्हाईक वाकून शटरखालून म्हणालं, "चालू आहे का हो?" तर ह्याने नाक पुसत त्याची किल्लीही करून दिली.

माउथपीस घरी नेऊन त्याने कपाटात मोज्यांखाली लपवला.

रविवारी मामा जेवले, हात धुतले, आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "अरे, माझा माउथपीस आण जरा. आज उगाच हातात घ्यावासा वाटतोय."

किल्लीवाला उठला आणि परत बसला. "तो... बँडच्या... म्हणजे कपाटात..."

"मोज्यांच्या खाली आहे," बायको ताटं उचलत म्हणाली. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नवरा मोजे स्वतःहून घडी घालून ठेवतो म्हणजे काहीतरी घोटाळा आहे, एवढं तिला कळत होतं.

मामांनी माउथपीस हातात घेतला. अंगठा कडेवरून फिरवला. एकदा, मग परत एकदा.

"कानशीने?"

"हो."

"बारीक की जाड?"

"आधी बारीक, मामा."

मामा रागावले की त्याला अहोजाहो करतात. "असं होय जावईबापू," ते म्हणाले. "आणि कशासाठी केलंत, कळेल?"

मग मात्र ह्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं. नवी रचना, गुळण्या, ट्यूबा, शाळेचं कपाट, धातूचा माउथपीस, बाथरूम, सगळं. मामा ऐकत होते. मध्येच त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"खालचा सूर गुळगुळतो? पण आत बूच आहे ना?"

"कसलं बूच?"

"अहो, बुडात. खालच्या वळणात. ह्या बाजाची ती जुनी खोड आहे, खालच्या सुराला आवाज असा हेलकावतो. मी एक बरणीचं बूच टाकून ठेवलं होतं आत, तेव्हापासून कधी गुळगुळला नाही. बूच असेल तर गुळण्या व्हायचं कारणच नाही."

किल्लीवाल्याला फरशीवर टपकन पडलेलं ते काळं बूच आठवलं. आपण ते कसं चिमटीत धरून केरात टाकलं, तेही आठवलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला. बायकोला इतकं हसू आलं की तिने ताटं परत टेबलावर ठेवली आणि खाली बसली, त्या टेबलापाशी बसतात तशी, जमिनीवरच.

मामा हसले नाहीत. त्यांनी माउथपीस रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ह्याला वाटलं. थोड्या वेळाने मामा उठले आणि मुलीला म्हणाले, "एखाद्या बरणीचं बूच दे." मग ह्याच्याकडे वळून, "मी खाली जिन्यात उभा राहतो. तुम्ही दार लावून घ्या आणि एकेक वाजवून दाखवा. कुठला माउथपीस, कुठली रीड, ते मला सांगायचं नाही."

"जिन्यात कशाला, मामा? इथेच बसा की."

"इथे नको. लोक काय तुमच्या मांडीवर बसून ऐकणार आहेत?"

बूच बुडात गेलं, आणि त्या दुपारी जिन्यात परीक्षा झाली. धातूचा माउथपीस आणि तीनची रीड. खालून मामांचा आवाज, "पुढचं!" धातूचा आणि दोनची. "पुढचं!" त्याला जोडून खालच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज, "पुढचंच!" म्हणजे आता बिऱ्हाडंही मतदानाला उतरली होती. राहता राहिला तो प्लास्टिकचा. ह्याने नाइलाजाने त्याच्यावरची धूळ पुसली, दोनची रीड बांधली, आणि फुंकलं. गुळण्या कुठेच नव्हत्या, सूर सरळ निघत होता, पण इतका मवाळ की त्याला वाटलं, बाजावर कुणी गोधडी टाकलीय.

खालून काहीच उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा वाजवला.

"हा," मामा म्हणाले.

ह्याने दार उघडलं. "मामा, हा शिकाऊ लोकांचा आहे. आणि मला तर ह्यात काही दमच ऐकू येत नाही!"

"तुम्हाला ऐकू यावं म्हणून वाजवता काय?" मामा जिन्यातून म्हणाले, आणि तसेच खाली उतरून घरी निघून गेले. कार्यक्रमाला या, असं म्हणायचं ह्याच्या ओठांवर आलं होतं. पण ज्याचे दात आपण घासून टाकले, त्याला कुठल्या तोंडाने बोलवायचं?

शेवटच्या तालमीत सूर बसला. बाईंनी बेकरीवाल्याच्या स्टँडवरची पानं उचलून घेतली, आणि बेकरीवाल्याने सुटकेचा इतका मोठा श्वास सोडला की ट्यूबा आपोआप वाजला. पण तालीम वेगळी आणि कार्यक्रम वेगळा. त्या संध्याकाळी व्यायामशाळा भरली होती. दिवे मंद झाले, बाईंनी हात वर केला, आणि किल्लीवाल्याने शेवटचं म्हणून समोर बघितलं. सगळ्यात मागच्या रांगेत, दाराशेजारी, कोट न काढता मामा बसले होते. आवडलं नाही तर पटकन उठता यावं अशा बेताने, खुर्चीच्या कडेवर.

ह्याच्या तोंडचं पाणी पळालं. कोरड्या ओठांनी रीड वाजत नाही. बाईंचा हात अजून वरच होता. ह्याने जिभेने ओठ ओले केले, डोळे मिटले, आणि फुंकलं.

त्याला काही ऐकू आलं नाही. म्हणजे तेच ते, गोधडीखालचं, मवाळ. झालं, त्याला वाटलं, पोचत नाहीये, मेलो. दामटून फुंकावं म्हणून छाती फुगवली होती, एवढ्यात मामांचं जिन्यातलं बोलणं आठवलं, आणि त्याने दम आवरला. तो नुसता सूर धरून राहिला. मग बाकीचा बँड एकेक करून वर चढला, आणि तेव्हा त्याला पायाखालची लाकडी फरशी हलकेच थरथरताना जाणवली. सूर पोचला होता. सगळीकडे पोचला होता.

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी ट्रम्पेटवाल्यांना घेरलं. बास सॅक्सोफोनकडे कोण येतो? हा कोपऱ्यात बाजा पुसत बसला होता. मामा आले. हात पुढे करून त्यांनी बाजाच्या रुंद तोंडावरून हलकेच फिरवला.

"जन्म गेला ह्याच्या मागे बसून," ते म्हणाले. "हा समोरून असा वाजतो, हे मला कधी कळलंच नाही रे. आज पहिल्यांदा ऐकला."

मामांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला. किल्लीवाल्याला वाटलं डोळे पुसताहेत. पण रुमालातून तो घासलेला माउथपीस निघाला, आणि त्यांनी तो ह्याच्या हातावर ठेवला.

"हा दुकानात टांगून ठेव. कानस हातात घेशील तेव्हा समोर असू दे." दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "पुढच्या कार्यक्रमाला माझी जागा धर. पुढच्या रांगेत. आणि हे बघ, तोपर्यंत हा बाजा साफ करू नकोस."